बायोस्टॅट की डेटा सायन्स, अमेरिका की युरोप? व्हिसाच्या हिशोबाने सल्ला हवाय

आकडेमोडी
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचक होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, सांभाळून घ्या.
पुणे विद्यापीठातून एमएस्सी स्टॅटिस्टिक्स केलंय. सध्या पुण्यातच एका क्लिनिकल ट्रायलवाल्या (औषधांच्या चाचण्यांच्या) कंपनीत सॅस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरवर प्रोग्रॅमर आहे. काम बरं आहे पण तेच तेच टेबलं, लिस्टिंग काढणं चालतं, डोकं गंजायला लागलंय. २०२७ च्या फॉलसाठी (ऑगस्ट-सप्टेंबरच्या बॅचसाठी) बाहेर जायचा विचार आहे. डोक्यात चार पर्याय आहेत : अमेरिकेत एमएस डेटा सायन्स, तिथेच एमएस बायोस्टॅटिस्टिक्स (वैद्यकीय संशोधनाचं संख्याशास्त्र), थेट पीएचडीला अर्ज, किंवा जर्मनी.
एका समुपदेशकाकडे गेले होते, त्याने दहा मिनिटांत डेटा सायन्सची सहा युनिव्हर्सिटींची यादी हातात ठेवली, त्यातल्या मला एकच माहीत होती. फी आणि राहणं धरून ६० लाखांच्या पुढे जातंय. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत, रिटायरमेंट जवळ आली आहे, साताऱ्यातलं घर तारण ठेवायला तयार आहेत पण मलाच धीर होत नाहीये. एच-१बीचं (तिथल्या नोकरीच्या व्हिसाचं, जो लॉटरीने मिळतो) काय खरं नाही असं सगळेच म्हणतात. तुम्ही लोक तिथे आहात, खरं काय ते सांगा. रँकिंगपेक्षा मला नोकरी आणि व्हिसा याच्यावर बोलायचंय.

न्यूजर्सीचा_नाना
आधी एक काम कर, ती सहा नावांची यादी फाडून टाक. 😀
मी फार्मात स्टॅटिस्टिशियन आहे, इंटरव्ह्यू घेतो, त्यामुळे त्या अंगाने सांगतो. डेटा सायन्सच्या एमएसवाल्यांचे रेझ्युमे आमच्याकडे ढिगाने येतात आणि बहुतेकांना सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिस म्हणजे काय ते सांगता येत नाही. तुझ्याकडे एमएस्सी स्टॅट आहे आणि ट्रायलचा डेटा हाताळलेला आहे. ही शिदोरी घरी ठेवून तू त्याच गर्दीत जाऊन उभी राहणार, कशासाठी? दोन्ही डिग्र्या स्टेमच (विज्ञान-तंत्रज्ञान-गणित गटातल्या) आहेत, म्हणजे ओपीटी (शिकून झाल्यावर तिथे काम करायची मुभा) दोन्हीकडे १२ महिने अधिक २४ महिने. व्हिसाच्या बाजूने डेटा सायन्सला एक पैचाही जास्त फायदा नाही.
फक्त एक सांभाळ. एमपीएच (पब्लिक हेल्थचं मास्टर्स) विथ बायोस्टॅट नावाचे कोर्सेस असतात, ते दरवेळी स्टेम असतीलच असं नाही. कोर्सचं नाव बघू नकोस, आय-२० वर (व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते त्या कागदावर) जो सीआयपी कोड (विषयाचा सरकारी कोड) येतो तो बघ, अ‍ॅडमिशन ऑफिसला ईमेल टाकून लेखी विचार. आणि फॉर-प्रॉफिट युनिव्हर्सिटी असेल तर तिथल्या मास्टर्सवर एच-१बीचा तो २०,००० वाला वेगळा कोटा मिळत नाही. तुझ्या पुण्याच्या एमएस्सीवरही नाही मिळत, ती डिग्री अमेरिकेतलीच लागते.

गोल्डनगेट_गजा
एवढं काय घाबरायचं! आम्ही आलो तेव्हाही लोक हेच म्हणत होते. डेटा सायन्स कर, बे एरियात ये, नेटवर्किंग कर, लिंक्डइनवर रोज पोस्ट टाक, काम मिळतं. ओपीटीच्या तीन वर्षांत लॉटरी ३ वेळा मिळते ना, एकदा तरी लागतेच.

न्यूजर्सीचा_नाना
गजाभाऊ, तुम्ही आलात तेव्हाची लॉटरी आता राहिलेली नाही. मार्च २०२६ पासून ती पगाराच्या लेव्हलवर (सरकारने ठरवलेल्या चार पायऱ्यांवर) चालते. चौथ्या लेव्हलच्या पगाराला चार चिठ्ठ्या, तिसऱ्याला तीन, अशी उतरत पहिल्याला एक. सरकारच्याच अंदाजात पहिल्या लेव्हलवाल्याची शक्यता १५ टक्क्यांच्या आसपास येते आणि चौथ्याची ६१. नवा पासआउट कुठल्या लेव्हलला असतो ते तुम्हीच सांगा.
याच्यात एक गंमत आहे जी फार कोणी बोलत नाही. ही लेव्हल व्यवसाय आणि कामाचं ठिकाण या दोन्हींवर ठरते. म्हणजे बॉस्टनमध्ये जो पगार पहिल्या लेव्हलचा धरला जाईल, तोच पगार एखाद्या लहान शहरात वरच्या लेव्हलला जाऊ शकतो. त्यामुळे 'बे एरियात ये' हा सल्ला आता व्हिसाच्या दृष्टीने उलटाही पडू शकतो. हां, पण काम खरोखर तिथेच करायला हवं, कागदावर एक गाव आणि राहायला दुसरं असले उद्योग नकोत.
आकड्यांतली बाई आहेस म्हणून देतो : आर्थिक वर्ष २०२४ च्या लॉटरीला ७.८ लाख अर्ज होते, कारण एकाच माणसाचे चार-पाच कंपन्यांमधून अर्ज जायचे. मग माणूस धरून निवड सुरू झाली, २०२६ ला पात्र अर्ज ३.४४ लाखांवर आले आणि १.२० लाख निवडले. म्हणजे साधारण तिघांत एक. तेव्हा पगाराने शक्यता बदलत नव्हती, आता बदलते.

बँकवाले_आपटेकाका
मी ३० वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची शैक्षणिक कर्जाच्या डेस्कवर. व्हिसाचं मला कळत नाही, हप्त्याचं कळतं.
६० लाख, ११ टक्के, १० वर्षं. हप्ता ८२,६५० च्या जवळ. यात शिकतानाच्या काळात साठणारं व्याज धरलेलं नाही, ते धरलंत की आणखी वर. घर तारण ठेवलंत तर दर थोडा खाली येतो, विनातारण घेतलंत तर चढतो. आता स्वतःला विचारा की तीन वर्षांनी लॉटरी लागली नाही आणि पुण्याला परत यावं लागलं, तर तुमच्या क्षेत्रात परत आलेल्या मास्टर्सवाल्याला हातात काय पगार मिळतो? त्यातून हा हप्ता जाऊन उरतं काय? माझ्या टेबलासमोर बसणाऱ्या आईबापांना मी हेच विचारायचो आणि ते म्हणायचे, 'परत कशाला येईल तो?'
आयकराच्या ८०ई कलमाखाली व्याजाची वजावट आहे पण ती जुन्या करप्रणालीत, नव्यात नाही. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे पाठवले तर एप्रिल २०२५ पासून टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक कापते तो कर) लागत नाही, तेवढाच दिलासा. आणि कुमारी आकडेमोडी, बाबांचं घर त्यांच्या म्हातारपणासाठी आहे हे लक्षात असू द्या. रागावू नका.

आकडेमोडी
काका, रागावले नाही, उलट हेच कोणी स्पष्ट बोलत नव्हतं. पुण्यात परत आले तर ८२ हजार हप्ता भरणं शक्य नाही, साधं गणित आहे. म्हणजे ६० लाखांचं कर्ज काढलं तर मला परत यायची मुभाच राहत नाही, आणि राहायची मुभा लॉटरीच्या हातात. हे लिहिलं तेव्हा पहिल्यांदा पोटात गोळा आला.
एच-१बीवर कंपन्यांना १ लाख डॉलरची फी लावलीये म्हणतात, ते काय आहे? त्याच्यामुळे कंपन्या आता कोणालाच घेणार नाहीत असं ऑफिसात म्हणतात.

डरहॅमवाली
तो १ लाख डॉलरचा आदेश सप्टेंबर २०२५ चा. सगळ्यांना लागू नाही. नवीन एच-१बीचा अर्ज आणि माणूस अमेरिकेबाहेर, अशा वेळी तो लागतो. इथे शिकून एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वरून इथल्या इथे एच-१बीत बदलणाऱ्याला लागत नाही, असं इमिग्रेशन खात्यानेच ऑक्टोबरमध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे विचित्र गोष्ट झालीये, पुण्याहून थेट नोकरी घेऊन यायचा रस्ता जवळपास बंद आणि इथून शिकून लागायचा रस्ता चालू.
आता माझं म्हणणं. लॉटरी लॉटरी काय करताय सगळे, तुझ्या विषयात लॉटरीबाहेरची दारं आहेत ना! युनिव्हर्सिटी, त्यांना जोडलेली ना-नफा हॉस्पिटलं, ना-नफा संशोधन संस्था, सरकारी संशोधन संस्था, यांना कॅपच (एच-१बीची वार्षिक मर्यादा, जिच्यामुळे लॉटरी लागते) नाही. वर्षात कधीही अर्ज. आणि बायोस्टॅटवाल्यांना नोकऱ्या देणारे मोठे लोक नेमके हेच. ड्यूकची क्लिनिकल रिसर्च इन्स्टिट्यूट, सिअ‍ॅटलचं फ्रेड हच, ह्यूस्टनचं एमडी अँडरसन, मेयो क्लिनिक, अशी नावं काढ आणि त्यांच्या साइटवर 'बायोस्टॅटिस्टिशियन' टाकून बघ. मास्टर्सवाल्यांसाठी जागा असतात. डेटा सायन्स करून जाहिरात कंपनीत गेलीस तर हे दार नाही. दोन डिग्र्यांमधला खरा फरक हा आहे, बाकी कोर्सेस निम्मे तेच.
पगार फार्मापेक्षा कमी, हे आधीच सांगते. आणि तिथून फार्मात उडी मारायची तर लॉटरीत नाव घालावंच लागतं. पण मधल्या काळात तू स्टेटसवर आहेस, दिवस मोजत नाहीस. शिवाय कॅपबाहेरची नोकरी चालू ठेवून दुसरीकडे कॅपवाल्या कंपनीत जोडकाम करता येतं, वकील नीट लागतो त्याला. २०२५ पासून संशोधनाच्या निधीला कात्री लागल्याने इथे पण भरती थंडावली आहे, हेही लपवत नाही.

गोल्डनगेट_गजा
हे सगळं ठीक, पण ओपीटीत नोकरी लगेच नाही लागली तर कन्सल्टन्सी आहेतच की. रेझ्युमेत २-३ वर्षं वाढवून देतात, सगळे करतात.

डरहॅमवाली
गजाभाऊ, प्लीज. ओपीटीत ९० दिवस बेकार राहिलात की संपलं, स्टेम एक्स्टेन्शनसकट एकूण १५०. त्या धाकाने पोरं अशा कंपन्यांच्या कागदावर जातात आणि पुढे ग्रीन कार्डाच्या वेळी तीच फाइल उघडली जाते. माझ्या ओळखीतल्या एकीला असाच 'अनुभव' चिकटवला होता, इंटरव्ह्यूत पितळ उघडं पडलं आणि वर व्हिसाचा प्रश्न उभा राहिला तो वेगळाच. २०१९ मध्ये मिशिगनमधल्या त्या फार्मिंग्टन युनिव्हर्सिटीचं आठवतंय ना? युनिव्हर्सिटीच खोटी, इमिग्रेशन खात्यानेच उघडलेली, आणि अडकलेले बहुतेक आपलेच भारतीय. पहिल्या दिवसापासून सीपीटी (शिकत असतानाच काम करायची परवानगी) देतो म्हणणारी जागा दिसली की लांब राहायचं.

ऱ्हाइनकाठी
जर्मनीचं कोणीच बोलेना म्हणून आले. बहुतेक सरकारी युनिव्हर्सिट्यांत ट्यूशन फी नाही, सेमिस्टरची वर्गणी भरायची, त्यात ट्राम-बसचा पास बहुतेक ठिकाणी येतो. अपवाद आहेत : बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये परदेशी विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४ पासून मास्टर्सला ४,००० ते ६,००० लावलेत. पण त्याच म्युनिकमधल्या लुडविग माक्सिमिलियान युनिव्हर्सिटीला स्टॅटिस्टिक्स अँड डेटा सायन्सचं मास्टर्स आहे. डॉर्टमुंडला तर स्टॅटिस्टिक्सची वेगळी फॅकल्टी आहे, तिथलं एकोनोमेट्रिक्सचं मास्टर्स आजूबाजूच्या युनिव्हर्सिट्या मिळून चालवतात, इंग्रजीत.
खर्च म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट, वर्षाचे ११,९०४ युरो. ते पैसे तुझेच, दरमहा ९९२ सुटतात. एपीएस सर्टिफिकेट (आपल्या डिग्र्या तपासल्याचा दाखला) आधी काढायला लागतं, २०२२ पासून भारतीयांना सक्तीचं आहे, त्याला वेळ जातो म्हणून आत्ताच लाग. शिकून झाल्यावर नोकरी शोधायला १८ महिने. लॉटरी नाही. पगाराची अट पूर्ण केलीस की ब्लू कार्ड (नोकरीवाल्यांचा राहण्याचा परवाना), २०२६ ला ही अट ५०,७०० युरो आहे, नव्या पदवीधरांना ४५,९३४. ब्लू कार्डवर बी१ (मध्यम पातळीचं) जर्मन असेल तर २१ महिन्यांत कायमचं राहण्याचं कार्ड. अमेरिकेत ईबी-२ ला (ग्रीन कार्डाच्या एका गटाला) भारतीयांची रांग दहा वर्षांहून जुन्या अर्जांवर घुटमळतेय, तुलना तूच कर.
आता कडू भाग. भाषा. इंग्रजीत शिकून इंग्रजीत नोकरी मिळेल हे स्वप्न घेऊन येणारी मराठी पोरं इथे १८ महिने अर्ज टाकत बसलेली मी बघते. फार्मात स्टॅटची कामं इंग्रजीत चालतात हे खरं, तुझा विषय त्यातल्या त्यात नशीबवान, तरीही टीममधल्या गप्पा, घरमालक, परदेशी नागरिकांच्या कचेरीतली बाई, सगळं जर्मन. मॅक्स म्युलर भवनात किंवा रानडे इन्स्टिट्यूटला या आठवड्यात नाव घाल, निघेपर्यंत बी१ कर. पुण्यात असून जर्मन न शिकता जर्मनीला येणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

कोथरूडची_सूनबाई
अवांतर विचारते, लग्नाचं काय ठरवलंयस? आगाऊपणा वाटेल पण व्हिसाच्या गणितात ते येतंच. अमेरिकेत तू एफ-१ वर असशील तर नवऱ्याला एफ-२ वर (जोडीदाराच्या व्हिसावर) काम करता येत नाही. पुढे तू एच-१बीवर गेलीस की त्याला एच-४, पण त्यावरही कामाची परवानगी तुझा आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीचा अर्ज) मंजूर झाल्यावरच. माझ्या नवऱ्याच्या वेळी मी उलट बाजूने हे सगळं भोगलंय, एमटेक घेऊन घरात बसून पोळ्या लाटल्या.

ऱ्हाइनकाठी
सूनबाई, आगाऊपणा कसला, महत्त्वाचा मुद्दा आहे. इकडे ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून काम करता येतं.

आकडेमोडी
लग्नाचा धागा आईने घरी काढलेलाच आहे, तिथे प्रतिसाद भरपूर आहेत 😂
पीएचडीबद्दल कोणी सांगेल का? फंडिंग मिळतं म्हणतात, मग सगळे का करत नाहीत?

क्वालिफायर_पास
कारण पाच वर्षं लागतात ताई. मी मिडवेस्टात बायोस्टॅटच्या पीएचडीत आहे, तुमच्यासारखीच एमएस्सी पुण्याची. फी माफ, स्टायपेंड मिळतो, त्यात एकट्या माणसाचं भागतं, घरून एक रुपया घेतला नाही. कर्ज शून्य हा व्हिसासाठी सगळ्यात मोठा बदल आहे असं मला वाटतं, कारण लॉटरी नाही लागली तर बॅग उचलून हैद्राबाद, बेंगळुरू, सिंगापूर कुठेही जाता येतं. आपटेकाकांचा प्रश्नच पडत नाही.
व्हिसाच्या बाजूने अजून दोन गोष्टी. पीएचडीनंतर पुन्हा नवी ओपीटी आणि नवं स्टेम एक्स्टेन्शन, मास्टर्सला वापरली असेल तरी. आणि पगार पहिल्याच नोकरीत वरच्या लेव्हलला जायची शक्यता, म्हणजे नव्या लॉटरीत जास्त चिठ्ठ्या. पेपर चांगले झाले तर ईबी-१ चा विचार करता येतो, तिथेही भारतीयांना काही वर्षांची रांग आहे पण ईबी-२ सारखी नाही. एनआयडब्ल्यूच्या (कंपनीशिवाय स्वतःच ग्रीन कार्ड मागायच्या मार्गाच्या) जाहिराती बघून हुरळू नका, ते ईबी-२ मध्येच येतं, म्हणजे रांग तीच.
उलटी बाजू. निधीकपातीमुळे २०२५ पासून बऱ्याच डिपार्टमेंटांनी जागा कमी केल्यात, आमच्याकडेही नवी बॅच लहान आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये एफ-१ ची मुदत चार वर्षांवर बांधायचा प्रस्ताव आलाय, तो अमलात आला तर पाच वर्षांच्या पीएचडीला मध्ये मुदतवाढ मागावी लागेल. आणि घरी जाणं. आता ड्रॉपबॉक्स (इंटरव्ह्यूशिवाय व्हिसा नवा करून घेणं) जवळपास संपलंय, स्टॅम्पिंगसाठी (पासपोर्टवर व्हिसा घ्यायला) आपल्याच देशात इंटरव्ह्यू द्यायचा, सोशल मीडियाची तपासणी. डिसेंबर २०२५ मध्ये एच-१बीवाले सुट्टीला भारतात गेले आणि त्यांच्या अपॉइंटमेंट एकदम मार्चच्या पुढे ढकलल्या गेल्या. आमच्या बॅचचे लोक व्हिसा संपला असेल तर गावी जातच नाहीत.
तुम्हाला पाच वर्षं मेझर थिअरी आणि अ‍ॅसिम्प्टोटिक्स असल्या गणितासोबत राहायला आवडेल का हे आधी बघा. नुसता व्हिसा मिळतो म्हणून पीएचडी केलेली माणसं तिसऱ्या वर्षाला ओळखू येतात.

हॅसेल्टी
उशिरा आलो. बायोस्टॅट म्हटल्यावर बेल्जियमच्या हॅसेल्ट युनिव्हर्सिटीचं नाव कोणीच घेतलं नाही हे कसं? मास्टर ऑफ स्टॅटिस्टिक्स अँड डेटा सायन्स, त्यात बायोस्टॅटिस्टिक्सची शाखा, पूर्ण इंग्रजी, दोन वर्षं. क्लिनिकल ट्रायलच्या जगात या डिपार्टमेंटचं नाव आहे, यान्सेन ही औषध कंपनी फार लांब नाही, बेर्सेला आहे. फी लागते पण अमेरिकेशी तुलनाच नाही. नंतर नोकरी शोधायला १२ महिने. गाव लहान आहे, पाऊस फार, शनिवारी संध्याकाळनंतर करायला काही नाही, अभ्यास आपोआप होतो.
बाझेलला रोश आणि नोव्हार्टिस दिसतात म्हणून लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं, पण स्वित्झर्लंडचं परमिट युरोपबाहेरच्यांना कोट्याने मिळतं, ते धरून चालू नकोस.

बँकवाले_आपटेकाका
या बेल्जियमचा एकूण खर्च दोन वर्षांचा किती, राहण्याखाण्यासकट?

हॅसेल्टी
काका, कसं राहता यावर आहे, पण मी स्वतः घर तारण वगैरे असलं काही न करता, नोकरीतली बचत आणि लहान कर्ज यावर भागवलं. फीचे चालू आकडे त्यांच्या साइटवर असतात, ते दरवर्षी बदलतात म्हणून इथे टाकत नाही.

न्यूजर्सीचा_नाना
हॅसेल्टच्या लोकांना आमच्याकडे मान आहे, खरंय. तिथून निघालेला माणूस कुठल्याही फार्मात चालतो.
आकडेमोडी, एक राहिलं. अमेरिकेत एमएस करायचंच झालं तर अशी डिपार्टमेंटं शोध जिथे एमएसवाल्यांना पण रिसर्च असिस्टंटशिप देतात. मेडिकल स्कूलला जोडलेल्या बायोस्टॅटमध्ये प्रोफेसरांना सॅस येणारा माणूस लागतो. आधी ईमेल टाक, आपण ट्रायल डेटावर काय काम केलंय ते चार ओळींत लिही, 'रिस्पेक्टेड सर' करून पानभर आत्मचरित्र नको. आणि आर (आकडेवारीची दुसरी प्रोग्रॅमिंग भाषा) शिक, सॅस एकट्यावर आता भागत नाही.

गोल्डनगेट_गजा
बरं बाबा, मी हरलो. पण बे एरियातली हवा चांगली आहे हे तरी मान्य करा.

आकडेमोडी
सगळ्यांचे आभार, प्रिंट काढून बाबांना वाचायला दिलं, त्यांनी आपटेकाकांच्या प्रतिसादाखाली पेनाने रेघ मारली.
ठरलंय ते असं. डेटा सायन्स बाद. घर तारण बाद, हे मी बाबांना सांगितलं, ते जरा दुखावले पण आई खूश आहे. अमेरिकेत फक्त पैसे मिळणार असतील तरच, म्हणजे पीएचडीला चार-पाच ठिकाणी आणि असिस्टंटशिप देणारं एमएस एखाददुसरं. पहिली पसंती हॅसेल्ट आणि म्युनिक. जर्मनचं रानडेला संध्याकाळच्या बॅचला नाव घातलं, बॅच भरलेली होती पण एक जागा निघाली.
क्वालिफायर_पास, तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवलाय, मेझर थिअरीचं कुठलं पुस्तक आधी वाचू ते सांगाल का? एमएस्सीला प्रोबॅबिलिटीत जेमतेम पास झाले होते, पण तेव्हा शिकवणारे सर फळ्याशीच बोलायचे.

ऱ्हाइनकाठी
एपीएसचा अर्ज केलास का? नाव घालणं झालं, आता मार्कशीटा शोध. पुणे विद्यापीठाची डिग्री सर्टिफिकेट मिळालीये ना हातात, का अजून प्रोव्हिजनलवरच आहेस?

आकडेमोडी
प्रोव्हिजनलवरच 😐 उद्या सुट्टी टाकून विद्यापीठात जाते.